एकाच यकृतात दोन विषाणू: एसजीपीटी नॉर्मल असताना काय पाहावे

गडचिरोली जिल्ह्यातील एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्या भगिनीने दोन रुग्णांची माहिती पाठवून तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला रुग्ण अडतीस वर्षांचा शेतमजूर असून दहा वर्षांपासून एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) घेत आहे. आधी झिडोव्हुडिन-लॅमिव्हुडिन-नेव्हिरापिन आणि अलीकडे टीएलडीची (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्राव्हिर) एक गोळी. हिपॅटायटिस बीचा संसर्ग दाखवणारी त्याची एचबीएसएजी चाचणी पॉझिटिव्ह आली, पण एसजीपीटी (यकृताच्या पेशींतील एक एन्झाइम) ३४ असल्यामुळे ‘लिव्हर ठीक आहे’ असे त्याला सांगण्यात आले. दुसरा रुग्ण एकोणीस वर्षांचा, एसएस पॅटर्नचा (आई-वडील दोघांकडून जनुक आलेला) सिकलसेलग्रस्त मुलगा आहे. त्याला लहानपणापासून वारंवार रक्त चढवावे लागले असून आता हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निघाले आहेत. दोन विषाणू एकत्र असले की नुकसान दुप्पट होते का, एसजीपीटी नॉर्मल असेल तर वाट पाहावी का, आणि सीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळत असताना ती लगेच का सुरू करू नयेत, असे ते प्रश्न आहेत.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावरच उभी आहेत. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीला स्वतः फारसा मारत नाही. तो पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचे बंद वर्तुळ ठेवून देतो आणि तिथून वर्षानुवर्षे नव्या प्रती काढत राहतो. पेशी मरते ती मुख्यतः विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या आपल्याच सीडी-८ पेशींच्या हल्ल्यामुळे, आणि एसजीपीटी वाढते ते या मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेल्या एन्झाइममुळे. म्हणून एसजीपीटी हा विषाणू किती आहे याचा आकडा नसून प्रतिकारयंत्रणा त्या वेळी किती जोरात लढत आहे याचा अंदाज आहे. निरोगी प्रौढाला बीचा संसर्ग झाला तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक लोक तो स्वतःच काढून टाकतात. जन्मताच आईकडून संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत तो कायमचा राहतो. विषाणू तोच असतो, फरक फक्त समोरच्या प्रतिकारयंत्रणेच्या तयारीचा असतो. एचआयव्ही असलेला प्रौढ माणूस या बाबतीत काही अंशी त्या बाळाच्या बाजूला सरकतो. प्रतिकारयंत्रणेला चालवणाऱ्या सीडी-४ पेशी कमी झाल्या की सीडी-८ पेशींना मिळणारी मदत तुटते, बीविरुद्धच्या पेशी संख्येने कमी आणि कामाने थकलेल्या राहतात, संसर्ग जुनाट होण्याची शक्यता वाढते, रक्तातील एचबीव्ही डीएनए (म्हणजे बी विषाणूचे प्रमाण) जास्त राहतो आणि एसजीपीटी मात्र पुष्कळदा बेताचीच असते.

यावरून असे वाटेल की हल्ला मंदावला म्हणजे यकृत वाचले. प्रत्यक्षात एचआयव्ही आणि बी एकत्र असलेल्या रुग्णांत सिऱ्होसिस (यकृत चट्ट्यांनी भरून टणक होणे) लवकर येतो आणि यकृताच्या आजाराने होणारे मृत्यू एकेकट्या संसर्गापेक्षा जास्त आढळतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे गुलाबी बोंडअळीच्या उदाहरणाने लगेच कळते: बोंड बाहेरून हिरवेगार, टणक दिसते आणि फोडून पाहिल्यावर सरकी खाल्लेली असते. आतले हे खाणे एन्झाइम फारसे न वाढवता कसे चालते, त्याचे एक मोठे कारण आतड्यात आहे.

शरीरातील सीडी-४ पेशींचा मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो आणि एचआयव्ही पहिल्या काही आठवड्यांतच तिथे सर्वाधिक नासधूस करतो. ती भिंत विरळ झाली की आतड्यातील जिवाणूंचे तुकडे पोर्टल शिरेतून थेट यकृतात पोचू लागतात. यकृतातील कुप्फर पेशी ते तुकडे टिपतात आणि सतत दाहाचे संदेश सोडत राहतात. त्या संदेशांनी यकृतातील स्टेलेट पेशी जाग्या होतात आणि कोलॅजनचे घट्ट तंतू विणू लागतात. फायब्रोसिस म्हणतात तो हाच. त्यासाठी यकृताच्या पेशी धडाधड मरण्याची गरज नसते, त्यामुळे एसजीपीटीचा कागद शांत दिसतो. एआरटीने रक्तातील विषाणू दिसेनासा झाला आणि सीडी-४ चारशे-पाचशेवर गेले, तरी आतड्याची भिंत पूर्वीसारखी होतेच असे नाही. या रुग्णाने काही वर्षे मोहाची दारू घेतली असेल तर तीही आतड्याच्या त्याच भिंतीवर आणि त्याच कुप्फर पेशींवर काम करते. म्हणून दारूचा प्रश्न विचारताना ‘पिता का’ असे न विचारता ‘मोहाची की दुकानातली, आणि कामाच्या दिवशी किती’ असे विचारावे. उत्तर अधिक खरे मिळते.

आता त्याच्याच रिपोर्टकडे बघू. आपण पाठवलेल्या आकड्यांत एसजीपीटी ३४, एसजीओटी (असेच दुसरे एन्झाइम) ६० आणि प्लेटलेट १ लाख आहेत. प्रयोगशाळेच्या कागदावर नॉर्मलची वरची मर्यादा ४० छापलेली असते, पण जागतिक आरोग्य संघटना पुरुषांत ३० आणि स्त्रियांत १९ च्या वर गेलेली एसजीपीटी वाढलेलीच मानते, तेव्हा ३४ हा आकडासुद्धा निर्दोष नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त आहे आणि प्लेटलेट कमी आहेत. फायब्रोसिसचा अंदाज देणारा एप्रि हा आकडा काढायला कसलेही यंत्र लागत नाही: एसजीओटीला तिच्या वरच्या मर्यादेने भागावे, शंभराने गुणावे आणि हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने भागावे. इथे ६० भागिले ४० म्हणजे दीड, गुणिले १०० म्हणजे १५०, भागिले १०० म्हणजे १.५. हिपॅटायटिस बीच्या प्रौढ रुग्णात ०.५ च्या वरचा एप्रि लक्षणीय फायब्रोसिसची आणि १ च्या वरचा सिऱ्होसिसची शंका घ्यायला पुरेसा मानला जातो. ज्याला लिव्हर ठीक असल्याचे सांगितले गेले, त्या माणसाला सिऱ्होसिस असण्याची बरीच शक्यता आहे. त्याला फायब्रोस्कॅन (यकृताचा टणकपणा मोजणारी तपासणी), सोनोग्राफी, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) आणि एचबीव्ही डीएनए यांसाठी जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला पाठवणे आवश्यक आहे. सिऱ्होसिस ठरला तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवावे लागेल, आणि ते औषधाने विषाणू दबला असला तरी चालू ठेवावे लागेल.

एप्रिबद्दल एक सावधगिरी लगेच सांगतो, नाहीतर तो सरसकट वापरला जाईल. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढते, त्यामुळे अगदी निरोगी यकृताचाही एप्रि वाढतो. ताप गेल्यावर महिनाभराने पुन्हा काढावा. एचआयव्हीमुळेही प्लेटलेट कमी होऊ शकतात. सिकलसेलमध्ये तर हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो: तांबड्या पेशी फुटल्याने एसजीओटी वाढते, आणि प्लीहा सुकून गेलेली असल्यास प्लेटलेट जास्त राहतात. आपल्या दुसऱ्या रुग्णासाठी एप्रि काढू नये.

पहिल्या रुग्णाच्या औषधांचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. झिडोव्हुडिन-लॅमिव्हुडिन-नेव्हिरापिन या जुन्या मिश्रणात बीवर काम करणारे औषध एकटे लॅमिव्हुडिनच होते, आणि एचआयव्हीसोबतच्या बीमध्ये एकट्या लॅमिव्हुडिनविरुद्ध चार वर्षांत सुमारे ९० टक्के रुग्णांत प्रतिरोध तयार होतो. म्हणजे एचआयव्ही आटोक्यात होता त्याच काळात बी बहुधा मोकळा झाला असावा. टीएलडीमधील टेनोफोव्हिर लॅमिव्हुडिनला न जुमानणाऱ्या बीवरही चालते, म्हणून आजची गोळी त्याच्यासाठी योग्य आहे. दोन्ही विषाणूंवर ती एकदम उपचार करते आणि बीसाठी वेगळी गोळी जोडण्याची गरज नाही. मात्र ही गोळी थांबली तर एचआयव्हीचे नुकसान हळूहळू दिसेल, पण बी काही आठवड्यांतच उसळू शकतो, आणि सिऱ्होसिस असलेल्या यकृताला तेवढी एक उसळी जिवावर बेतते. आपल्या भागातून माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात, तेव्हा गोळ्या नेमक्या त्याच वेळी सुटतात. स्थिर रुग्णाला जादा महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय एआरटी केंद्रात आहे. तो निघण्याच्या आधी आशाताईंकडून हे विचारून घ्यावे. पुढे कधी मूत्रपिंडामुळे टेनोफोव्हिर बदलावे लागले, तर त्याच्या जागी बीवर चालणारे दुसरे औषध जोडल्याशिवाय ते काढू नये.

याच्या उलटी चूकही होते. बीच्या एखाद्या रुग्णाला एचआयव्हीची चाचणी न करताच एकटे टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर सुरू केले आणि त्याला एचआयव्ही असला, तर एचआयव्ही त्या अर्धवट उपचारातून प्रतिरोध शिकतो. बीची पहिली गोळी देण्याआधी आयसीटीसीची (एचआयव्ही तपासणी केंद्राची) चिठ्ठी हातात असावी, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

एआरटी नव्याने सुरू झालेल्या रुग्णांत आणखी एक प्रसंग येतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत एसजीपीटी एकदम तीनशे-चारशेवर जाते, डोळे पिवळे होतात, आणि रुग्ण गोळ्या फेकून देतो, कारण ‘गोळी गरम पडली’ असे त्याला वाटते. पुष्कळदा घडलेले असे असते की सीडी-४ वाढल्यामुळे प्रतिकारयंत्रणेला बी पुन्हा दिसू लागतो आणि ती वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या पेशींवर तुटून पडते. याच वेळी औषधाची विषबाधा, क्षयाच्या गोळ्या, दारू आणि पाण्यातून आलेला हिपॅटायटिस ई हेही संशयित असतात. निवाडा बऱ्याच अंशी एचबीव्ही डीएनएवर होतो. एसजीपीटी वाढत असताना डीएनए उतरत असेल आणि सीडी-४ चढत असतील, तर बहुधा प्रतिकारयंत्रणाच काम करत आहे आणि बारीक लक्ष ठेवून गोळ्या चालू ठेवता येतात. डीएनएही वाढत असेल तर गोळ्या चुकत आहेत किंवा प्रतिरोध आहे. आयएनआर वाढला, झापड येऊ लागली किंवा पोटात पाणी झाले, तर हा निवाडा उपकेंद्रावर करत न बसता रुग्णाला त्याच दिवशी वर पाठवावे. गोळ्या थांबवायच्या की नाही हे एआरटी केंद्राच्या डॉक्टरांनी ठरवावे, रुग्णाने किंवा औषधाच्या दुकानदाराने नव्हे.

आता दुसरा रुग्ण. सीची औषधे लगेच का देऊ नयेत, याचे उत्तर बी आणि सी यांच्या एकमेकांवरील दाबात आहे. सीचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तोपर्यंत रक्तपेढीला तो पकडता येत नव्हता. तो आरएनए विषाणू असून पेशीच्या केंद्रकात घर करत नाही, म्हणूनच बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांत कायमचा जातो. बी मात्र केंद्रकातील वर्तुळामुळे दबतो, जात नाही. दोघे एकत्र असताना बहुधा सी वरचढ असतो आणि बीचा डीएनए कमी, कधी मोजता न येण्याइतका कमी दिसतो. सीची प्रथिने बीला थेट रोखतात असे पूर्वी मानले जाई, पण दोन्ही विषाणू एकाच पेशीत वाढवून पाहिल्यावर तसा थेट अडथळा आढळला नाही. आता अधिक पटणारे स्पष्टीकरण असे आहे की सीमुळे यकृतात इंटरफेरॉनची (विषाणूविरुद्ध पेशी सोडतात त्या प्रथिनांची) जी अखंड प्रतिक्रिया चालू राहते, तिच्याच दाबाखाली बी दबून असतो. सीच्या गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांतच सी नाहीसा होतो, ती प्रतिक्रिया ओसरते आणि बीवरचा दाब निघतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सीच्या या औषधांवर ठळक चौकटीतील इशारा छापायला लावला, तो अशा २४ रुग्णांच्या नोंदींवरून. त्यांतील दोघे दगावले आणि एकाला यकृत-प्रत्यारोपण करावे लागले. जगभर ही औषधे घेतलेल्यांच्या मानाने ही संख्या लहान आहे, पण हे टाळता येण्यासारखे असल्याने तिचे मोल मोठे आहे.

टाळण्याची रीत सोपी आहे. सीची पहिली गोळी देण्याआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (बीचा संसर्ग कधीतरी झाल्याची खूण) दोन्ही पाहावेत. या मुलाप्रमाणे एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल, तर एचबीव्ही डीएनए तपासून बीचे औषध सीच्या उपचारासोबतच सुरू करावे आणि सीचा कोर्स संपल्यावरही किमान बारा आठवडे चालू ठेवावे. बीला स्वतःच्याच कारणाने उपचार लागत असेल तर ते पुढेही चालेल. नुसते अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आणि एचबीएसएजी निगेटिव्ह असेल तर औषधाची गरज सहसा नसते, दर महिन्याला एसजीपीटी पाहिली तरी पुरते. दोन्ही विषाणूंची औषधे २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहेत. तेव्हा अडचण पैशाची नसते. एका खिडकीवरच्या कागदात दुसऱ्या विषाणूची नोंद नसणे, ही खरी अडचण असते. चिठ्ठीवर ‘हिपॅटायटिस सी’ एवढेच न लिहिता बी, सी आणि एचआयव्ही या तिन्हींचे निकाल एका ओळीत लिहून पाठवावेत.

सिकलसेलमुळे या मुलाच्या बाबतीत आणखी गुंता आहे. त्याचे डोळे तसेही पिवळसर असतात, त्यामुळे घरच्यांना कावीळ नवी वाटत नाही. तांबड्या पेशी फुटल्याने वाढते ते इनडायरेक्ट बिलिरुबिन. डायरेक्ट बिलिरुबिन आणि एसजीपीटी वाढू लागली तर मामला यकृताचा किंवा पित्ताच्या खड्यांचा आहे असे समजून सोनोग्राफी करावी. वारंवार रक्त चढल्याने यकृतात लोह साठते आणि ते स्वतःच फायब्रोसिस घडवते, म्हणून फेरिटिन (लोहाच्या साठ्याची चाचणी) पाहिल्याशिवाय सगळा दोष विषाणूंच्या माथी मारू नये. रिबाव्हिरिन हे औषध तांबड्या पेशी फोडते, तेव्हा त्याच्या सीच्या उपचारात ते टाळावे. आजच्या गोळ्यांमुळे बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही. आणि त्याला क्षयाचे औषध चालू असेल तर ते आधी कळवावे, कारण रिफॅम्पिसिनमुळे सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या दोन्हींचे रक्तातील प्रमाण घसरते आणि सीचा उपचार वाया जाऊ शकतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देता येते. नुकसानीची साधी बेरीज होत नाही. एचआयव्हीसोबत सी असेल तर सिऱ्होसिसची जोखीम एकट्या सीच्या सुमारे दुप्पट होते; बी आणि सी एकत्र असताना बीचा डीएनए कमी दिसला तरी कर्करोगाची जोखीम वाढते; आणि बीवर डेल्टा (हिपॅटायटिस डी) विषाणू येऊन बसला तर तो सर्वांत घातक, कारण बीचे आवरण घेतल्याशिवाय त्याला पसरता येत नाही आणि एकदा शिरला की बहुतेकांत तो जुनाट होतो. डेल्टा आपल्या भागात मी क्वचितच पाहतो, पण बीचा डीएनए नगण्य असून यकृताचा दाह थांबत नसेल तर त्याची आठवण व्हावी.

जुलै-ऑगस्टमध्ये नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ईलाही याच हिशेबात धरावे. धडधाकट माणूस त्यातून काही आठवड्यांत उठतो, पण ज्याच्या यकृतात आधीच सिऱ्होसिस आहे त्याचे यकृत त्याच आजारात काही दिवसांत निकामी होऊ शकते. गावात काविळीची साथ दिसली की या दोन्ही घरी उकळलेल्या पाण्याचा आग्रह धरावा. डोळे पिवळे झाले म्हणून गळ्यात काविळीची माळ घालून थांबले तर ती लांबत गेल्याचे, म्हणजे कावीळ उतरल्याचे, समाधान मिळते, आणि आयएनआर तपासण्याचे दिवस हातचे जातात. माळेला विरोध करण्यात वेळ घालवू नये; माळ घालूनच गाडीत बसवावे. नाकात कडू रसाचे थेंब सोडणे किंवा अनोळखी काढा पाजणे मात्र ठामपणे थांबवावे, कारण कोलमडणाऱ्या यकृतावर तो आणखी एक भार असतो.

घरच्यांबद्दल आपण विचारले नसले तरी सांगतो. शेतमजुराच्या पत्नीची आणि मुलांची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (बीविरुद्ध संरक्षण देणारी प्रतिपिंडे) चाचणी करावी, आणि ज्यांना संसर्गही नाही व संरक्षणही नाही त्यांना बीची लस द्यावी. प्रौढांत ती शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असते. पत्नीला एचआयव्ही असेल तर नेहमीच्या मात्रेने प्रतिपिंडे कमी तयार होतात, म्हणून दुप्पट मात्रा देऊन शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस पुन्हा मोजावे. तो आकडा १० च्या वर असावा. तिलाही बीचा संसर्ग असून ती गरोदर असल्यास प्रसूती जिथे बीची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही हाताशी आहेत अशा रुग्णालयात ठरवावी, आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस मिळाल्याची नोंद आपण स्वतः माता-बाल कार्डावर पाहावी.